काजव्यांची पिशवी आणि कोथिंबीर

परत आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत विलायतेत?" खरं सांगायचं तर राणीचा वाडा मी पाहिला नाही. घड्याळाचा तो जगप्रसिद्ध मनोरा बसच्या खिडकीतून दिसणार होता, पण नेमकं त्याच वेळी ह्यांनी मला पर्समध्ये त्यांचा चष्मा शोधायला लावला. चष्मा त्यांच्याच खिशात निघाला, आणि मी मान वर केली तोवर बस पुलापलीकडे गेली होती. आमचा सगळा दौरा 'वेळेचं मोल' या विषयावर होता, त्यामुळे वेळ दाखवणारी वस्तू बघायला वेळ मिळाला नाही.

हे म्हणजे शेवडे सर, माझे यजमान. मिरजेच्या एका शाळेत एकवीस वर्षं मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाल्यापासून व्याख्यानं देतात. वेळेचं मोल आणि अध्ययनाची निष्ठा, एवढा एकच विषय. श्रोते बदलतात, शाल बदलते, विषय बदलत नाही. घरी त्यांच्या खोलीच्या दाराला एक पाटी आहे, शाळेच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी रंगवून दिलेली: 'अध्ययन चालू आहे. शांतता राखा.' ही पाटी बाहेर लटकली की मी कुकरसुद्धा लावत नसे. तासाभरानं आतून घोरण्याचा आवाज येई, तो आम्ही सगळे शांतता राखून ऐकत असू.

अध्ययन चालायचं ते स्वयंपाकघरात. व्याख्यानाचं आमंत्रण आलं की हे म्हणत, "अगं, मुद्दे जरा काढून ठेव." सदरा काढून ठेव, लोणचं काढून ठेव, त्याच चालीवर मुद्दे काढून ठेव. मग मी पुस्तकं वाचायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर टाचणं करायची. तो कागद जाड असतो, शाई फुटत नाही, फोडणीचं तेल उडालं तरी टिकतो. हे ती टाचणं वाचत ते हार घालून झाल्यावर, व्यासपीठावरच.

मला याचा राग येत नसे असं मी म्हणणार नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हे स्थळ सांगून आलं. परीक्षेला चार महिने होते. स्थळ चांगलं आहे, उगाच वेळ दवडू नये, असं घरच्यांचं मत पडलं. सगळ्यांनी वेळेचं मोल ओळखलं आणि माझं लग्न झालं. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात फुटपाथवर मला एक पाठ फाटलेलं पुस्तक मिळालं. जुन्या, फार जुन्या चिनी कवितांची इंग्रजी भाषांतरं. त्यातले कवी नदी बघतात, पिकलेले केस बघतात, गळणारी पानं बघतात आणि पुतण्याला, भाच्याला, नाहीतर स्वतःलाच बजावतात, की बाबा रे, बस आता अभ्यासाला, दिवस चालले. मला त्या कविता मनापासून आवडल्या. उपदेश करतानाही त्यांच्या आवाजात पश्चात्ताप असतो, तो आमच्या सरांच्या व्याख्यानात मी कधी ऐकला नव्हता. ह्यांनाही हा विषय एकदम पसंत पडला, कारण मिरजेत तो तपासू शकणारं कुणी नव्हतं.

हॅरो

दोन हजार सहाच्या जूनमध्ये आम्ही लेकीकडे गेलो. मंजिरी लंडनच्या एका बँकेत आहे, जावई प्रसाद नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. नात रिया चौदा वर्षांची. हॅरो हे लंडनच्या कडेचं गाव. तिथे उतरल्यावर विलायतेला आल्यासारखं वाटत नाही, कारण पहिल्या दुकानात मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या दुकानात गुजराती मावशी दिसतात. घरं मात्र सगळी एका साच्यातली, दोन-दोन घरं खांद्याला खांदा लावून उभी. त्या महिन्यात फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, म्हणून घराघराला आणि गाडीगाडीला इंग्लंडचे लाल क्रॉसचे झेंडे लावले होते.

मंजिरीच्या फ्रिजवर एक तक्ता होता. प्रत्येकाचा रंग वेगळा. रियाची ट्यूशन निळी, पियानो निळा, स्विमिंग निळं. प्रसादचा ऑनकॉल तांबडा. आम्हा दोघांचा रंग पिवळा आणि आमची जागा रविवारी दुपारी तीन ते पाच. त्यावर मंजिरीनं 'आई-बाबा : क्वालिटी टाइम' असं लिहिलं होतं.

"अगं, तीनला मला झोप येते," मी म्हटलं.

"आई, प्लीज. चारला रियाला ड्रॉप करायचंय, साडेचारला टेस्कोची ग्रोसरी डिलिव्हरी आहे. मग मी फुल्ली तुमचीच आहे."

हे मात्र तक्त्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बघ," मला म्हणाले, "याला म्हणतात नियोजन! ही जात उगाच नाही पुढे गेली." ज्या जातीबद्दल ते बोलत होते ती शेजारच्या बागेत बिअर घेऊन उघड्या अंगानं ऊन खात पडली होती, सकाळपासून.

ह्यांची दोन व्याख्यानं आधीच ठरली होती. एक कार्डिफच्या मराठी मंडळींपुढे, दुसरं ग्लासगोला, मंजिरीच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी जमवलेलं. विषय अर्थातच 'वेळेचं मोल : प्राचीन चिनी कवींची शिकवण'. मुद्दे काढून ठेवायचे होते. फुटपाथवरचं पुस्तक मी बॅगेत आणलं होतंच, पण रियानं मला तिच्या लायब्ररीत नेलं आणि तिथे डाव्या पानावर चिनी, उजव्या पानावर इंग्रजी असं एक पुस्तक सापडलं. लायब्ररीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गालिचा आणि रेडिएटरशेजारी मऊ खुर्ची. कुणी चहा मागायला येत नाही. मी रोज दोन तास तिथे जाऊन बसू लागले. इंग्लंडात पाहिलेल्या सगळ्या जागांत मला ती खुर्ची सर्वांत जास्त आवडली.

"आजी, तू हे का वाचतो?" रियानं एकदा तिच्या मोडक्या मराठीत विचारलं. "तुला एक्झाम आहे?"

"नाही."

"मग आबाला एक्झाम आहे?"

"तसं म्हटलं तरी चालेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. चौदा वर्षांची असली तरी तिची नजर आईसारखी आहे, आकड्यातली चूक पकडणारी. ती माझ्या टाचणांकडे बघत राहिली.

त्या पुस्तकात एका गोष्टीचा दाखला कवी येताजाता देतात. एक गरीब विद्यार्थी होता. दिव्याला तेल आणायची ऐपत नाही. मग उन्हाळ्यात त्यानं काजवे धरून तलम रेशमाच्या पिशवीत भरले आणि त्यांच्या उजेडात पुस्तकं वाचली. पुढे तो मोठा अंमलदार झाला. ह्यांच्या व्याख्यानाला अगदी साजेशी गोष्ट. मी ती मंजिरीच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर उतरवून घेतली, मार्च महिन्याच्या पाठीवर. डाळ शिजत होती, हातात पळी होती. लिहिता लिहिता मनात आलं ते समासात लिहिलं. समासात मी नेहमीच लिहिते. ते माझं असतं आणि हे ते वाचत नाहीत, कारण अक्षर बारीक असतं.

कार्डिफ

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. पॅडिंग्टनहून गाडीनं सव्वादोन तास. शनिवारी दोनला व्याख्यान होतं, म्हणून ह्यांनी सगळ्या घराला पाचला उठवलं. सकाळच्या गाडीची तिकिटं होती. आम्ही अर्धा तास आधी फलाटावर हजर.

आता गाडी समोर उभी, दारं उघडी, डब्यात बसायचं सोडून हे रियाला समजावून सांगू लागले, की या देशात गाडी सुटायची वेळ म्हणजे सुटायचीच वेळ, आपल्याकडच्यासारखी ढिलाई नाही. "बघ, ते घड्याळ बघ," म्हणाले. रियानं घड्याळ बघितलं, मीही बघितलं. तेवढ्यात शिट्टी झाली, दारं आपोआप बंद झाली आणि गाडी आमच्यासमोरून निघून गेली, अगदी घड्याळाच्या काट्यावर.

"आबा प्रूव्ह्ड हिज पॉइंट," रिया म्हणाली.

तिकिटं त्याच गाडीची होती. मंजिरी काउंटरवर गेली, प्रसादनं कार्डिफला फोन लावला आणि हे बाकावर बसून रेल्वेच्या शिस्तीचा अतिरेक कसा होतो ते मला सांगू लागले. पुढच्या गाडीच्या वाटेत सिग्नल बिघडला. वेळेचं मोल सांगणारे वक्ते कार्यक्रमाला एक तास पन्नास मिनिटं उशिरा पोचले. तिथल्या मंडळींनी तोवर बटाटेवडे संपवले होते आणि मुलं हॉलमध्ये फुटबॉल खेळत होती.

ह्यांना याचं काही वाटलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. प्रोजेक्टर चालला नाही, म्हणून कॅलेंडरची पानं हातात घेऊन बोलले. नदीची कविता सांगितली, पिकल्या केसांची सांगितली, काजव्यांचीही सांगितली. समास नेहमीप्रमाणे वगळला. "मित्रहो, गेला क्षण कुणाच्या बापाचा नोकर नाही," असं ते म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. टाळ्या झाल्या. पुण्याचा एक तरुण ह्यांच्या पाया पडून म्हणाला, "सर, काय डीप स्टडी आहे तुमचा! सगळं सोर्सेसपासून वाचलेलं दिसतं."

"साधना लागते," हे म्हणाले. मी मागे उभी राहून त्यांची शाल घडी करत होते.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मंडळींनी गाव दाखवलं. मधोमध किल्ला, कडेला समुद्र, आणि पाऊस बारीक असा की छत्री उघडावी की नाही हे ठरेपर्यंत माणूस भिजतो. तिथे रस्त्यावर पांढऱ्या रंगात दोन शब्द लिहिलेले असतात, एक वेल्श, एक इंग्रजी. दोन्हींचा अर्थ 'हळू'. पाट्याही सगळ्या दोन भाषांत, आणि वेल्श वर. आमच्या गावात इंग्रजी शाळेच्या दारात मराठी बोललं तर मुलाला दंड होतो, ते मला आठवलं आणि मी ते त्या मंडळींना सांगितलं नाही. बाजारात तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले छोटे गोड केक मिळतात. आपल्या दशमीचे चुलतभाऊ म्हणावेत असे. मी चार खाल्ले. ह्यांनी गोड वर्ज्य असल्याचं जाहीर केलं आणि माझ्यातले दोन खाल्ले.

परतल्यावर हॅरोत ग्लासगोच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या शेजारी डॉक्टर लिन नावाच्या चिनी बाई राहतात, चाळीस वर्षं तिथल्या कॉलेजात जुनं चिनी काव्य शिकवून निवृत्त झाल्या आहेत. व्याख्यानाचं ऐकून त्या मुद्दाम येणार आहेत. तेव्हा स्लाइड्स इंग्रजीत कराव्यात.

हे फोन ठेवून खुर्चीत बसले.

"अगं," शेवटी म्हणाले, "त्या बाईंनी काही विचारलं तर?"

"तर सांगा."

"तू समोर बसशील ना? तिसऱ्या रांगेत?"

चाळीस वर्षांत मला त्यांनी व्याख्यानात जागा नेमून दिली ती ही पहिलीच. मी बसते म्हटलं. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. मला संताप आला. ह्यांनी इतक्या वर्षांत एकदा, नुसतं एकदा, ही माहिती हिनं काढली आहे असं म्हटलं असतं, तर मी पहिल्या रांगेत बसून सगळी उत्तरं पुरवली असती. त्या रात्री मी ठरवलं, की बाईंनी विचारलं तर आपण तोंड उघडायचं नाही. होऊ दे एकदाची फजिती. आणि ठरवल्यावर फार वाईटही वाटलं, कारण फजिती त्या कवितांचीही होणार होती.

स्लाइड्स प्रसादनं केल्या. कॅलेंडरची पानं शेजारी ठेवून, भाषांतर करत, दोन संध्याकाळी बसला. सरळ माणूस आहे. "आई, एक अक्षर सोडलं नाही पाहा," मला म्हणाला. "बारीकसारीक सगळं घेऊन टाकलं." मी भाकरी थापत होते, मी बरं म्हटलं.

ग्लासगो

ग्लासगोला निघालो त्याच्या आदल्याच दिवशी इंग्लंड विश्वचषकातून बाहेर पडलं. लंडनमध्ये झेंडे खाली मान घालून लटकत होते. ग्लासगोला टॅक्सीवाला गात होता. त्याचं इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, मंजिरीलाही नाही, पण इंग्लंड हरल्याचा आनंद कळला. शेजाऱ्याच्या पराभवाचा हा निर्मळ आनंद पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

गाव काळ्या-तांबड्या दगडांचं, भक्कम. डॉक्टरांच्या घरी न्याहारीला बटाट्याच्या तिकोनी पोळ्या होत्या, तव्यावरच्या. तिखट-मीठ विसरलेल्या थालीपिठासारख्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मेतकूट दिलं आणि मग त्या फार छान लागल्या. जुलैत तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. त्या विद्यार्थ्याला इथे काजव्यांची गरज पडली नसती, असा विचार माझ्या मनात आला.

व्याख्यान एका चर्चच्या हॉलमध्ये होतं, संध्याकाळी. साठेक माणसं, मागच्या टेबलावर खिचडीची पातेली. डॉक्टर लिन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बारीक चण, पांढरे कापलेले केस, मांडीवर वही. मी तिसऱ्या रांगेत, माझ्या एका बाजूला मंजिरी, दुसऱ्या बाजूला रिया. हे व्यासपीठावर गेले आणि जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

सुरुवात बरी झाली. स्लाइड पडद्यावर आली की हे ती मोठ्यानं वाचत, शाळेत परिपत्रक वाचत तसे. आधी काय आहे ते बघावं, मग वाचावं, ही सवय त्यांना कधीच नव्हती. नदी झाली. केस झाले. लिनबाई मान डोलवत होत्या. मग काजवे आले. ह्यांनी आवाज चढवला.

"ही हॅड नो ऑइल!" म्हणाले. "ही कॉट फायरफ्लाइज! ही पुट देम इन अ सिल्क पाउच!" आणि त्याच दमात पुढचं वाचलं, "हू स्टिच्ड द पाउच? नो मनी फॉर ऑइल, मनी फॉर सिल्क? वाइफ? मदर? फाइंड आउट. कोरिअँडर इज फिनिश्ड."

मी मंजिरीचा हात धरला. माझा समास पडद्यावर होता, चार फूट उंच, कोथिंबिरीसकट.

लिनबाईंनी हात वर केला. इंग्रजीतच बोलल्या, सावकाश, म्हणून सगळ्यांना कळलं. "सर, मी ही गोष्ट चाळीस वर्षं शिकवली. पिशवी कुणी शिवली हे मला एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. तुमचं उत्तर काय आहे? आणि कोथिंबिरीचा संदर्भ मला माहीत नाही, तोही कृपा करून सांगा."

ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं तेवढा झाला नाही.

"कोरिअँडर," हे घसा खाकरून म्हणाले, "कोरिअँडर इज अ सिम्बॉल. सकाळी ताजी, संध्याकाळी सुकली. क्षणभंगुरता. ट्रान्झिअन्स ऑफ लाइफ."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी ते लिहून घेतलं. माझ्या शेजारून मात्र एक खणखणीत आवाज आला.

"आबा, ते शॉपिंग लिस्ट आहे! आजीची! सगळा लेक्चर आजीनं लिहिली आहे. मी लायब्ररीमध्ये बघितला."

मंजिरीनं तिला खाली ओढलं. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं, तशा लिनबाई वळल्या. "यांतल्या आजी कोण?" त्यांनी विचारलं. साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझे पाय मला विचारल्याशिवाय उभे राहिले.

माझं इंग्रजी वाचायचं आहे, बोलायचं नाही. म्हणून मी मराठीत बोलले आणि मंजिरीनं ते सांगितलं.

मी म्हटलं, "उत्तर पुस्तकात नाही. मी सगळं पुस्तक पाहिलं. अभ्यास कर म्हणणारे पुष्कळ आहेत, भात कुणी आणून दिला ते कुणी लिहीत नाही. त्या कवितांत बाई येते ती शेजारच्या खोलीतला हातमागाचा आवाज म्हणून, आणि तोसुद्धा वाचताना व्यत्यय म्हणून. पण पिशवीचा मी खूप विचार केला. काजवे पिशवीत जाण्याआधी पिशवी तयार पाहिजे. घरात तेल नाही, दिवा नाही. दिवसभर तिला इतर कामं असणार. म्हणजे ती पिशवी तिनं अंधारात शिवली."

शेवटचं वाक्य सांगण्याआधी मंजिरीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिनं ते सांगितलं.

लिनबाईंनी वही उघडली आणि लिहिलं. नंतर उठून तिसऱ्या रांगेत आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि वहीचं पान मला दाखवलं. वर चिनीत काही होतं, खाली इंग्रजीत माझं वाक्य आणि त्यापुढे त्यांनी माझं नाव लिहायला जागा सोडली होती. मी मराठीत लिहिलं, सुधा शेवडे. व्यासपीठावर हे रिमोट हातात घेऊन उभे होते. पुढची स्लाइड 'आभार' अशी होती.

जेवताना माझ्याभोवती बायकांची ही गर्दी. खिचडी छान झाली होती, वर कोथिंबीर भरपूर. ज्याच्या त्याच्या तोंडी तिचीच थट्टा होती. हे एका कोपऱ्यात डॉक्टरांशी बोलत उभे होते आणि कुणी त्यांच्या पाया पडलं नाही.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी ग्लासगोहून लंडनची गाडी पकडली, या वेळी चाळीस मिनिटं आधी आत बसून. लेक, जावई आणि नात पलीकडच्या बाकांवर. आम्ही दोघं समोरासमोर, मधे टेबल. बाहेर डोंगर, मेंढ्या, दगडी कुंपणं. हे तासभर खिडकीबाहेर बघत होते. रागावले असावेत असं मला वाटलं आणि मी समजूत काढायची नाही असं ठरवलं. स्वेटर विणायला घेतला.

"तो पिशवीचा मुद्दा," हे एकदम म्हणाले, "तुला कधी सुचला?"

सुई हातात तशीच राहिली. मुद्दा कुठे ठेवलाय, मुद्दे झाले का, मुद्दे आण, हे मी खूप ऐकलंय. तुला सुचला, हे कधी ऐकलं नव्हतं.

"लिहिला हॅरोला," मी म्हटलं. "माहीत होता आधीपासून."

"मग मला कधी बोलली नाहीस ती?"

"तुमच्या दाराला पाटी असायची."

ते उठले, डबा हलत होता म्हणून बाकांना धरत धरत गेले. मला वाटलं टॉयलेटला गेले. पंधरा मिनिटांनी आले ते दोन हातांत दोन कागदी पेले घेऊन, सांडत सांडत. माझ्यापुढे एक ठेवला. माझ्यासाठी त्यांनी आणलेला हा पहिला चहा. मग सदऱ्याच्या खिशातून मूठभर साखरेच्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या, दहा-बारा तरी असतील.

"किती घालतेस ते मला माहीत नव्हतं," म्हणाले.

मंजिरीच्या वेळेला मला साखरेचा त्रास झाला, तेव्हापासून मी चहा बिनसाखरेचा घेते. मंजिरी आता एकोणचाळीस वर्षांची आहे. मी दोन पुड्या फोडल्या, घातल्या आणि प्यायले.